पहिला वॉर्ड कोणता घ्यावा?

गेल्या रविवारी सायंकाळी आमच्या आळीतले एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. मागोमाग त्यांची मुलगी. पोरगी बी.एस्सी. नर्सिंग उत्तीर्ण झाली, परिषदेची नोंदणीही हाती आली आणि एकाच आठवड्यात दोन रुग्णालयांतून नोकरीचे बोलावणे आले. घरात आनंदीआनंद असायला हवा होता. पण बापलेक दोघांच्याही चेहऱ्यावर काळजीच दिसत होती. चहा झाल्यावर गृहस्थ म्हणाले, "ताई, तुमचा सगळा जन्म वॉर्डात गेला. आता तुम्हीच सांगा, हिनं कुठं जावं?"

एक नोकरी आमच्याच गावातल्या खाजगी रुग्णालयातली. तीस खाटांचा जनरल वॉर्ड, घरापासून चालत दहा मिनिटे. दुसरी पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयातली, अतिदक्षता विभागात, म्हणजे आयसीयूत. तिथे पगार जास्त, पण खोलीभाडे आणि खानावळ धरली तर हाती उरायचे तेवढेच. वडिलांचा कल गावाकडे. मुलीचा ओढा पुण्याकडे, पण मन धजत नव्हते. "काकू, कॉलेजात सगळे सांगायचे की आधी वर्ष-दोन वर्षं जनरल वॉर्ड करा, मगच आयसीयूचं नाव काढा. मग मी चुकीचा हट्ट धरतेय का?"

माझ्या तोंडावर उत्तर तयार होते. हेच उत्तर मी आजवर कितीतरी मुलींना दिले आहे. आधी जनरल वॉर्ड, मग बाकी सगळे. पण त्या दिवशी ते ओठांवर येऊन थांबले. कारण मला माझा स्वतःचा पहिला जनरल वॉर्ड आठवला. तो प्रसंग मी आजवर फार थोड्या जणांना सांगितला आहे. आज या सदरातून सांगते, कारण त्यातून कोणाच्या लेकीचे आणि कोणाच्या रुग्णाचे भले झाले तर हवेच आहे.

सगळ्यांचे श्वसन वीस!

साल १९८७. मी नुकतीच पास होऊन नोकरीला लागले होते. वॉर्ड मिळाला मेल मेडिकल. खाटा छत्तीस, पण पावसाळ्यात जमिनीवरही गाद्या पडायच्या. दुसऱ्याच आठवड्यात मला रात्रपाळी लागली. रात्री आठ ते सकाळी आठ. सोबतीला एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय, आणि खाली अपघात विभागात बसलेले डॉक्टर. वॉर्डात सिस्टर म्हणून मी एकटी.

रात्री आणि पहाटे प्रत्येक रुग्णाचा ताप, नाडी आणि श्वसन तक्त्यावर लिहायचे असते. ताप थर्मामीटरने घ्यायचे. नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे. श्वसन मात्र मोजत नसे. प्रत्येकापुढे वीस लिहीत असे. ही युक्ती मला कोणी शिकवली नव्हती. आधीच्या पानांवर सगळीकडे वीसच होते, तेच मी पुढे ओढले. छत्तीस रुग्ण, त्यात सलाइन संपलेले, इंजेक्शनची वेळ झालेले, नातेवाइकांच्या हाका. एकेका मिनिटाचा हिशेब असायचा.

अकरा नंबरच्या खाटेवर एक वयस्कर शेतकरी होते. ताप आणि खोकला म्हणून दोन दिवसांपूर्वी दाखल झालेले. रात्री दहाला त्यांनी मला विचारले, "सिस्टर, भाईर पाऊस लागलाय का?" पहाटे चारला मी गेले तर बाबा उशी मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, "आडवं झालं की झोप येत न्हाई." मी म्हटले, "पडा बाबा, येईल झोप." आणि तक्त्यावर श्वसन वीस लिहून पुढच्या खाटेकडे गेले. सहा वाजता त्यांना दरदरून घाम फुटला, नखे निळसर पडली. डॉक्टर धावत आले, ऑक्सिजन लावला, धावपळ झाली. तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

न्यूमोनिया दोन्ही फुफ्फुसांत पसरला होता, वयही होते, असे डॉक्टर म्हणाले. मला कोणी बोल लावला नाही. पण त्या तक्त्यावर पहाटे चारच्या रकान्यात माझ्या अक्षरात वीस लिहिलेले होते. उशी मांडीवर घेऊन बसलेल्या, आडवे होता न येणाऱ्या माणसाचे श्वसन वीस नव्हते, हे आज मला कोणी सांगायची गरज नाही. चारलाच डॉक्टरांना बोलावले असते तर बाबा वाचले असते का, ते देव जाणे. पण दोन तास हाती मिळाले असते.

दुसऱ्या दिवशी मी रात्रपाळीला आले तर आमच्या इनचार्ज सिस्टर वॉर्डातच थांबलेल्या. त्यांची ड्यूटी केव्हाच संपली होती. रागावल्या नाहीत. माझ्या मनगटावरचे घड्याळ दाखवून म्हणाल्या, "चल." सहा खाटांपाशी त्यांनी मला उभे केले आणि प्रत्येकाचे श्वसन पूर्ण एक मिनिट मोजायला लावले. सहांत एकही वीस निघाले नाही. मग म्हणाल्या, "पोरी, आकडा लिहायचा तर मोजून लिही. वेळ नसेल तर जागा रिकामी सोड. रिकामी जागा मला दिसते, खोटा आकडा दिसत नाही." त्यानंतर त्यांनी अधिसेविकांकडे जाऊन भांडून ड्यूटीचा तक्ता बदलून घेतला आणि दोन महिने माझ्या रात्रपाळीला एक जुनी सिस्टर जोडून दिली. मी परिचारिका झाले ती त्या दोन महिन्यांत.

श्वसनाचे एवढे महत्त्व का?

वाचकांपैकी अनेकांना वाटेल, श्वास काय, सगळेच घेतात. पण मोठ्या माणसाचे विश्रांतीतले श्वसन साधारणपणे मिनिटाला १२ ते २० असते. फुफ्फुसात जंतुसंसर्ग झाला, रक्तात आम्ल वाढले, हृदय थकले किंवा शरीरात कुठे रक्तस्राव होत असला, तर रक्तदाब कोसळण्याच्या आधीच बरेचदा श्वास वाढलेला असतो. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली रुग्णाची प्रकृती ढासळू लागल्याचे लवकर ओळखण्यासाठी एक गुणपद्धती ठरवली. तिच्यात श्वसन २५ किंवा त्याहून अधिक असेल तर त्या एका गोष्टीला सर्वाधिक म्हणजे तीन गुण दिले जातात. घरात कोणी तापाने आजारी असेल तर तुम्हीही हे करू शकता. रुग्णाला न सांगता, छाती किंवा पोट किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. सांगून मोजले की माणूस श्वास बदलतो.

पास झाली म्हणजे तयार झाली, असे नाही

मार्लीन क्रेमर या अमेरिकन परिचर्या-संशोधिकेने १९७४ साली 'रिॲलिटी शॉक' नावाचे पुस्तक लिहिले. शाळेत शिकलेली परिचर्या आणि वॉर्डातली परिचर्या यांत जे अंतर असते त्याचा धक्का नव्या परिचारिकेला कसा बसतो, हा त्याचा विषय. पुढे १९८४ साली पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या. त्यांच्या मते एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे गेल्यावर परिचारिका 'सक्षम' या तिसऱ्या पायरीवर येते. आणि एका विभागात मुरलेली परिचारिकासुद्धा अगदी अनोळखी विभागात गेली की तिथे पुन्हा नवशिकी ठरू शकते. म्हणजे नव्या मुलीला गोंधळल्यासारखे झाले, रात्री रडू आले, तर तो तिचा कमकुवतपणा नव्हे. त्या पायरीवर असे होतेच. प्रश्न एवढाच की त्या पायरीवर तिचा हात धरायला कोणी आहे की नाही.

कोणता वॉर्ड काय शिकवतो?

मेडिकल वॉर्डात नाना तऱ्हेचे आजार दिसतात आणि नजर तयार होते. साधे उदाहरण देते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीची तक्रार घेऊन येतो, अंगावर दंशाची खूण नसते, पण पापण्या जड होऊन खाली येत असतात. हा मण्यारीचा दंश असू शकतो आणि काही वेळाने श्वास बंद पडू शकतो. ही पापणी जिने एकदा पाहिली ती जन्मभर विसरत नाही.

सर्जिकल वॉर्डात जखमेची निगा, नळ्यांची देखभाल आणि शस्त्रक्रियेनंतरची पाळत शिकता येते. नाडी हळूहळू चढते आहे आणि रुग्ण अस्वस्थ आहे, म्हणजे आत रक्तस्राव तर नाही ना, ही शंका येणे इथे शिकावे.

प्रसूती कक्षात आनंद मोठा आणि धोकाही मोठा. नैसर्गिक प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव समजतात. बाळ झाल्यावर सगळे बाळाकडे बघतात, आईकडे बघायला सिस्टर हवी.

नवजात शिशू कक्षात औषधाचा डोस दशांश चिन्हाने बदलतो आणि हात धुण्यातली हयगय बाळाच्या जिवावर बेतते. हात स्थिर आणि मन चिकाटीचे असेल तर हे काम फार समाधान देते.

शस्त्रक्रिया विभागात शिस्त शिकता येते. पोट शिवण्यापूर्वी गॉजचे तुकडे आणि हत्यारे मोजून जुळवायची म्हणजे जुळवायचीच. पण तिथे रुग्ण बहुधा भुलीखाली असतो, त्यामुळे बोलत्या रुग्णाशी संबंध कमी येतो.

आयसीयूत रुग्ण थोडे, यंत्रे फार. एकाच रुग्णाकडे बारकाईने पाहणे इथे शिकायला मिळते. धोका असा की नवी मुलगी रुग्णाऐवजी मॉनिटरकडे बघायला शिकते.

अपघात विभागात आधी कोणाला पाहायचे हे ठरवण्याची हुशारी येते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतल्या सिस्टर आणि ब्रदर यांना जे संयमाचे शिक्षण मिळते ते तर दुसरीकडे कुठे मिळत नाही.

सांगायचे इतकेच की कोणताही वॉर्ड हलका नाही. सरकारी नोकरीत तर वॉर्ड निवडायची मुभा फारशी नसतेच, अधिसेविका देतील तिथे उभे राहायचे. पण जिथे विचारता येते तिथे वॉर्डाच्या नावापेक्षा वेगळे काही विचारले पाहिजे.

हे पाच प्रश्न विचारा

त्या मुलीला मी कागद-पेन आणायला सांगितले आणि दोन्ही ठिकाणी फोन करून विचारायचे पाच प्रश्न लिहून दिले. ते असे :

१) पहिले किती आठवडे मी जुन्या सिस्टरबरोबर काम करीन? तिच्या रुग्णांतच माझे रुग्ण धरणार, की पहिल्या दिवसापासून वेगळे देणार?

२) एका पाळीत माझ्याकडे किती रुग्ण असतील? दिवसा किती, रात्री किती? (भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयातील जनरल वॉर्डासाठी पाच रुग्णांमागे एक परिचारिका आणि आयसीयूसाठी एका रुग्णामागे एक असा आहे. प्रत्यक्षात तेवढे क्वचितच मिळते, पण किती दूर आहे ते कळावे.)

३) पहिली एकटीची रात्रपाळी केव्हा? रात्री अडले तर कोणाला हाक मारायची आणि ती व्यक्ती किती मिनिटांत येते?

४) चूक झाली तर काय करतात? सांगणाऱ्याला शिक्षा होते की पुन्हा शिकवतात?

५) मागच्या वर्षी आलेल्या नव्या मुलींपैकी आज किती जणी तिथे आहेत?

पाचवा प्रश्न शक्यतो तिथल्या एखाद्या सिस्टरलाच विचारावा. कचेरीपेक्षा खरे उत्तर तिच्याकडून मिळते.

दोन गोष्टी आणखी सांगितल्या. कामावर जाण्यापूर्वी 'हिपॅटायटिस बी'च्या लसीचे तिन्ही डोस पूर्ण झाले आहेत ना ते पाहावे. आणि वापरलेली सुई टोचलीच तर बोट पिळू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे आणि त्याच घटकेला वरिष्ठांना सांगावे. एचआयव्ही टाळण्याचे औषध जितके लवकर तितके चांगले, आणि ७२ तासांच्या आत सुरू झाले पाहिजे. लाजून गप्प बसण्यात शहाणपण नाही. शिवाय मूळ प्रमाणपत्रे कुठेही ठेवून घेऊ देऊ नयेत, साक्षांकित प्रती द्याव्यात.

उत्तरे काय आली?

बुधवारी बापलेक पुन्हा आले. गावातल्या रुग्णालयाने सरळपणे सांगितले होते की आठ दिवस दिवसपाळी, मग रात्रपाळी. रात्री तीस खाटांना एकच सिस्टर, डॉक्टर घरी असतात आणि फोन केला की येतात. पुण्याहून सांगितले की पहिले तीन महिने एका ठरलेल्या जुन्या सिस्टरबरोबर, मग एक रुग्ण, फार तर दोन. रात्री डॉक्टर त्याच मजल्यावर. मागच्या वर्षीच्या दोन मुलींशी ती बोलली. एक म्हणाली, "पहिला महिना रोज रडले. पण मला एकटीला कधी सोडलं नाही."

जन्मभर 'आधी जनरल वॉर्ड' म्हणणारी मी, त्या दिवशी म्हटले, "पुण्याला जा."

पण वाचकांनी यातून 'आयसीयूच चांगले' असा अर्थ काढू नये. माझ्या ओळखीच्या एका मुलीला दुसऱ्या एका शहरात पहिल्याच आठवड्यात व्हेंटिलेटरवरचा रुग्ण देऊन एकटे सोडले. चार महिन्यांत तिने नोकरीच नव्हे, हा पेशाच सोडला. आज ती कपड्यांच्या दुकानात बसते. हुशार मुलगी होती. तिला एखाद्या चांगल्या इनचार्जच्या हाताखाली साधा मेडिकल वॉर्ड मिळाला असता तर तिने नाव काढले असते. उद्या आमच्या गावच्या रुग्णालयाने नव्या मुलीला दोन-तीन महिने जोडीदारीण दिली, तर मी मुलींना तिकडेच जा म्हणेन. हे मी तिथल्या व्यवस्थापनाला जाऊन सांगणारही आहे.

नातेवाइकांसाठी चार शब्द

तुमच्यापैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा वॉर्डात खाटेशेजारी बसावे लागते. समोर नवी सिस्टर आली की लोक कुजबुजतात, "ही शिकाऊ दिसतेय, मोठीला बोलवा." एक लक्षात ठेवा. जी म्हणते, "मला खात्री नाही, मी विचारून येते," ती तुमच्या रुग्णाची काळजी घेते आहे. न विचारता वीस लिहून पुढे जाणारी सिस्टर धोक्याची. मीच ती होते, म्हणून सांगते.

आणि तुमचा माणूस नेहमीसारखा दिसत नसेल, बसूनच राहत असेल, बडबडत असेल किंवा एकाएकी गप्प झाला असेल, तर संकोच न करता सिस्टरला सांगा. "काल असे नव्हते" हे तुमचे तीन शब्द तिला फार उपयोगी पडतात, कारण काल तिने त्यांना पाहिलेले नसते.

मुलगी येत्या सोमवारी पुण्याला निघते आहे. जाताना पाया पडायला आली तेव्हा विचारले, "काकू, बरोबर काय काय नेऊ?" मी म्हटले, "कपडे, भांडी तुझी आई देईल. तू सेकंदकाट्याचे एक साधे घड्याळ घे." तिचे वडील लगेच उठले, बाजारपेठेत दुकान बंद व्हायच्या आत पोचायचे म्हणून.